शिबिर संपल्यावर कुठं खेळशील?

तिरुवैयारु,
एप्रिल

चि. नातीस,


तुझं पत्र पोचलं. सातवीची परीक्षा संपायच्या आत तीन फुटबॉल शिबिरांची माहिती तू स्वतः जमवलीस आणि निवडायच्या वेळी मला विचारलंस, फार बरं वाटलं. एक आहे परदेशी क्लबच्या नावाचं, दुसऱ्या शहरातलं निवासी शिबिर. दुसरं तंजावरच्या अन्नै सत्या स्टेडियमवरचं, राज्याच्या क्रीडा विकास प्राधिकरणाचं उन्हाळी शिबिर. तिसरं चेन्नईत, तुमच्या घराजवळच्या मैदानावरचं. तंजावरचं घेतलंस तर तू माझ्याजवळ राहशील. इथून तंजावर तेरा-एक किलोमीटर, बस सारख्या असतात. मला ते मनापासून हवं आहे. पण माझी हौस या हिशेबात धरू नकोस.

तिन्ही माहितीपत्रकं मी वाचली. मैदान, टी-शर्ट, प्रमाणपत्र, जेवण, सगळं त्यात आहे. शिबिर संपल्यावर काय, ते मात्र कुठंच नाही. शिबिर दोन-तीन आठवड्यांचं असतं. त्यानंतर जून ते मार्च तू कुठल्या मैदानावर, कुणाबरोबर आणि कुणाच्या नजरेखाली खेळशील? माझ्या मते निवड याच प्रश्नावर व्हावी.

माझं माहेर कोल्हापूरचं, हे तुला ठाऊक आहे. तिथं फुटबॉल पेठेचा असतो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम ही नावं कुस्तीच्या तालमींची आणि फुटबॉल संघही त्यांचेच. पोरगं थोरल्यांना चेंडू आणून देता देता खेळायला लागतं. पुढं कधीतरी शाहू स्टेडियमवर उतरतं, तेव्हा अख्खी पेठ त्याला नावानं हाक मारते. अनिकेत जाधव याच गावचा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला आणि 2017 साली 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. घर सोडून राहणं त्याला फळलं, कारण प्रबोधिनीत मुलं वर्षानुवर्षं राहून शिकतात. तमिळनाडूतही सरकारी क्रीडा वसतिगृहं आहेत, सातवीपासून निवड चाचणीनं प्रवेश मिळतो. तुला खरंच घराबाहेर राहून शिकायचं असेल तर तो रस्ता बघ. पंधरा दिवसांच्या मुक्कामात तेवढं घडत नाही.

तुझ्या चेन्नईत व्यासरपाडी आहे. तिथं 1997 पासून एक संस्था वस्तीतल्या मुलांना फुटबॉल शिकवते आहे. त्याच वस्तीतला धनपाल गणेश पुढं चेन्नईयिन एफसीकडून आणि भारताकडून खेळला. घराजवळचं मैदान रोज गाठता येतं, तिथल्या कोचला तुझा मागच्या महिन्यातला खेळ आठवतो आणि तुझी चूक दुसऱ्या दिवशीही त्याच्या ध्यानात राहते. खेळाडू यानंच वाढतो.

म्हणून माझा कल तिसऱ्या शिबिराकडे आहे. पण जवळ आहे एवढ्यावर पैसे भरू नकोस. आधी एका सकाळी कडेला उभं राहून पूर्ण तास बघ.

तुझ्या उंचीची, तुझ्याएवढी एकच मुलगी निवड आणि तासाभरात चेंडू तिच्या पायाला किती वेळा लागतो ते मोज. वीस मुलं रांगेत आणि चेंडू दोन, असं असेल तर ती तास संपेपर्यंत नुसती वाट बघते. प्रत्येकाला एक चेंडू, मग चार-चार जणांचे छोटे सामने, असं असेल तर तिला सतत मान वर करून ठरवावं लागतं: पास द्यायचा, की स्वतः पुढं न्यायचा? तुझ्या वयात हे ठरवायला शिकणं सगळ्यांत मोलाचं. चेंडूही बघ. बारा वर्षांपर्यंत 4 नंबरचा, त्यानंतर 5 नंबरचा. लहान मुलांना मोठ्या चेंडूनं खेळवलं तर पायाची लकब बिघडते.

मग अंग तापवण्याचा व्यायाम बघ. 7 ते 13 वर्षांच्या खेळाडूंसाठी फिफानं सात व्यायामांचा एक क्रम बसवला आहे: एका पायावर तोल, उड्या, नीट पडायला शिकणं. पंधरा-वीस मिनिटांत होतो. युरोपातल्या चार देशांत तो करून पाहिला, तेव्हा दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. वयात येणाऱ्या मुलींच्या गुडघ्यांना याची जास्तच गरज असते. मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या म्हणजे हे झालं असं नाही. डोक्यानं चेंडू मारण्याचा सराव तासन्‌तास चालतो का, तेही बघ. अमेरिकेतल्या फुटबॉल संघटनेनं 2015 साली दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना तो बंदच केला आणि 11 ते 13 वयाला सरावात मर्यादा घातली.

टाच किंवा गुडघ्याखालचं हाड दुखलं तर त्याच दिवशी सांग. तुझी हाडं अजून वाढताहेत, दुखणं दाबून पळणं ही बहादुरी नव्हे. आठवड्यातून एक दिवस तरी सुट्टी हवी. 4 मेच्या सुमाराला कत्तिरी, म्हणजे कडक उन्हाचे दिवस, सुरू होते आणि महिनाअखेरपर्यंत ऊन भाजून काढतं. सकाळी साडेआठनंतर मैदानावर थांबवणारं शिबिर असेल तर नको. पाणी मागावं लागत असेल तरीही नको.

मुली किती आहेत, स्त्री प्रशिक्षक आहे का, कपडे बदलायला खोली आणि स्वच्छ संडास आहे का, पाळीच्या दिवसांत कुणाला सांगायचं, हे आईनं पहिल्याच भेटीत विचारावं. आईवडिलांना बाहेरून बघायला मज्जाव असेल तर तिथून परत फिरा. एकटी मुलगी असलीस तरी बिचकू नकोस, पण दोन-चार जणी असतील तर खेळ टिकतो. तमिळनाडूच्या मुलींनी 2018 आणि 2023 मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. 2019 मध्ये मदुरैचा सेतु एफसी भारतीय महिला लीगचा विजेता झाला. त्या संघातली इंदुमती कडलूरची, इथून फार लांबची नाही. तुझ्यापुढं वाट आहे आणि त्या वाटेवर मुली चालताहेत.

शेवटी कोचला एकच विचार: "जूनमध्ये काय?" आठवड्यातून तीन दिवस सराव आणि मुलींचा संघ, असं उत्तर मिळालं तर नाव घाल. मिळालं नाही तर तंजावरला ये आणि तोवर चेन्नईत वर्षभर चालणारं मैदान शोधायला बाबांना लाव. सरकारी शिबिर साधं असतं, फी परवडते, आणि तिथं तुला गावोगावची मुलं भेटतील.

काहीही ठरलं तरी मेअखेरीला आठ दिवस इकडं ये. मेट्टूर धरणाचं पाणी 12 जूनला सोडायचा रिवाज आहे, तोवर कावेरीच्या पात्रात वाळूच जास्त. संध्याकाळी तिथं खेळायला गडी भरपूर मिळतात.

या सोमवारी आईला घेऊन मैदानावर जा. चेंडू किती वेळा लागला तो आकडा आणि कोचचं जूनबद्दलचं उत्तर, दोन्ही मला कळव. मग निर्णय तुझा तू घे.

तुझी,
आजी