तिसऱ्या बेसजवळचा माणूस

३ जून १९३२ रोजी फिलाडेल्फियात बेसबॉलपटू लू गेरिगनं एकाच सामन्यात चार होम रन ठोकले. विसाव्या शतकात तोवर हे कुणालाच जमलं नव्हतं. तरीही त्या दिवसाची मोठी बातमी वेगळीच ठरली. न्यूयॉर्क जायंट्सचा मॅनेजर जॉन मॅग्रॉ यानं पद सोडलं होतं. १९०२पासून तो त्या जागेवर होता. नॅशनल लीगची दहा विजेतेपदं आणि तीन वर्ल्ड सिरीज त्याच्या नावावर होत्या. पण त्या जूनमध्ये प्रकृती ढासळलेली होती आणि संघ तळाला होता.

वारस म्हणून त्यानं बिल टेरीला बोलावलं. टेरी संघाचा पहिल्या बेसवरचा खेळाडू. १९३०मध्ये त्याची फलंदाजीची सरासरी .४०१ होती. नॅशनल लीगमध्ये त्यानंतर आजवर कुणी .४००ला पोचलेलं नाही. पण मॅग्रॉ आणि टेरी एकमेकांशी बोलत नव्हते. टेरी पगारावरून भांडायचा, उलट उत्तरं द्यायचा. मॅग्रॉनं संघ त्याच्याच हाती दिला आणि पुढच्याच वर्षी, १९३३मध्ये, टेरीच्या जायंट्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली.

क्रिकेटवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे पद चटकन उमगत नाही. आपल्याकडे मैदानावरचे निर्णय कर्णधार घेतो. बेसबॉलमध्ये ते मॅनेजर घेतो. पिचर कधी बदलायचा, फलंदाजीचा क्रम काय, कुणाला बसवायचं, हे सगळं तोच ठरवतो. तो खेळाडूंचाच गणवेश घालून डगआउटमध्ये बसतो. आजच्या हंगामात १६२ सामने असतात. एवढे दिवस एकाच माणसाच्या तोंडाकडे पाहणारा संघ वीस वर्षांत त्याच्यासारखा वागू लागतो, त्याच्यासारखा विचार करू लागतो. म्हणूनच तो निघाला की मालकांना पहिला मोह होतो तो त्याच्यासारखाच दुसरा शोधण्याचा.

अटलांटा ब्रेव्ह्जनी २०१० साली तेच केलं. बॉबी कॉक्स १९९०पासून तिथं होता. १९९१ ते २००५ या काळात, संपामुळे अर्धवट राहिलेला १९९४चा हंगाम वगळता, संघानं दरवर्षी गटविजेतेपद मिळवलं होतं. त्याच्या जागी फ्रेडी गोन्झालेस आला. तो कॉक्सचा जुना सहकारी, २००३ ते २००६ या काळात तिसऱ्या बेसजवळ उभा राहणारा कोच. स्वभावानं कॉक्सच्या जवळचा, खेळाडूंना परिचित. निवड सगळ्यांना सोयीची वाटली.

पहिल्याच वर्षी घात झाला. सप्टेंबर २०११च्या सुरुवातीला ब्रेव्ह्ज वाइल्ड कार्डच्या, म्हणजे गट न जिंकताही प्लेऑफ गाठण्याच्या, शर्यतीत सेंट लुईस कार्डिनल्सच्या साडेआठ सामने पुढे होते. महिनाभरात ती आघाडी वितळली. २८ सप्टेंबरला हंगामाच्या शेवटच्या सामन्यात तेरा इनिंग्जनंतर ते फिलीजकडून ४-३ असे हरले आणि बाहेर पडले. गोन्झालेसला नालायक ठरवणं अन्यायाचं होईल, कारण २०१३मध्ये त्यानं ९६ सामने जिंकून गटविजेतेपद आणलं. मात्र मे २०१६मध्ये ९ विजय, २८ पराभव अशी स्थिती असताना त्याला काढण्यात आलं.

त्या सप्टेंबरचा फायदा झाला तो कार्डिनल्सना. त्यांनी प्लेऑफ गाठलं, वर्ल्ड सिरीज जिंकली आणि तीनच दिवसांनी टोनी ला रुसा निवृत्त झाला. सोळा हंगाम त्यानं हा संघ चालवला होता. वारस निवडताना संघानं नेमकी उलटी उडी घेतली. माइक मॅथेनी एकेचाळीस वर्षांचा, संघाचा माजी कॅचर. मॅनेजरपदाचा एक दिवसाचाही अनुभव नव्हता. पहिल्या चारही वर्षी त्यानं संघ प्लेऑफमध्ये नेला. पण अनुभवाची उणीव कुठे बोचते, हे १६ ऑक्टोबर २०१४च्या रात्री दिसलं. सॅन फ्रान्सिस्कोत नववी इनिंग सुरू होती. ३-३ अशी बरोबरी. मॅथेनीनं चेंडू मायकेल वाकाच्या हाती दिला. वाका गुणी खरा, पण वीस दिवसांत सामन्यात एक चेंडूही टाकलेला नव्हता. भरवशाचा क्लोजर, म्हणजे सामना संपवण्यासाठी राखलेला पिचर, ट्रेव्हर रोझेंथाल बुलपेनमध्येच, राखीव पिचरांच्या जागेतच, राहिला. दोन धावपटू बेसवर आले आणि ट्रॅव्हिस इशिकावानं चेंडू उजवीकडच्या भिंतीपलीकडे धाडला. सामना संपला, कार्डिनल्सचा हंगामही.

चेंडू कधी कुणाच्या हाती द्यायचा, हे शहाणपण अंगात मुरायला वर्षं लागतात. लहान गावांतल्या संघांबरोबर बसनं हिंडत, वीस वर्षांच्या पोरांच्या चुका सोसत ते येतं. लॉस एंजेलिस डॉजर्सचा टॉमी लासोर्डा याच वाटेनं आला. त्याच्याआधीचा मॅनेजर वॉल्टर ऑल्स्टन यानं एकेका वर्षाच्या तेवीस करारांवर तेवीस हंगाम काढले. तो मितभाषी, तर लासोर्डा अखंड बोलणारा. पण स्टीव्ह गार्व्ही, डेव्ही लोप्स, बिल रसेल, रॉन सेय या चौघांना लासोर्डानं खालच्या लीगमध्येच हाताखाली घेतलं होतं. १९७६च्या अखेरीस तो मॅनेजर झाला आणि १९७७ व १९७८ अशी दोन्ही वर्षं संघ वर्ल्ड सिरीजमध्ये पोचला. स्वभाव वेगळा असला तरी तालीम त्याच घरातली होती.

आणि हाच लासोर्डा १९९६मध्ये हृदयविकारानंतर पायउतार झाला तेव्हा बिल रसेलला जागा मिळाली, पण मोकळीक कितपत मिळाली? माजी मॅनेजर संघाच्या वरच्या वर्तुळातच होता. जून १९९८मध्ये रसेल आणि जनरल मॅनेजर फ्रेड क्लेअर यांना एकाच दिवशी काढलं गेलं आणि हंगामी जनरल मॅनेजर म्हणून नाव आलं लासोर्डाचं. जुना माणूस शेजारच्या खोलीत बसलेला असताना नव्या माणसाचा शब्द अखेरचा ठरणं फार अवघड असतं.

अटलांटात मात्र कॉक्सचा खरा वारस २०१०मध्येही समोरच उभा होता. गोन्झालेसनं कोचपद सोडल्यावर २००७पासून तिसऱ्या बेसजवळची ती जागा ब्रायन स्निटकरनं सांभाळली होती. १९७७मध्ये कॅचर म्हणून तो या संस्थेत आला, मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही. हँक ॲरननं त्याला खेळाडू म्हणून मोकळं केलं आणि कोचिंगचं काम दिलं. कॉक्स गेला तेव्हा त्याचा विचार झाला नाही. २०१४मध्ये तर त्याला पुन्हा खालच्या, ग्विनेटच्या संघाकडे पाठवलं गेलं. साठाव्या वर्षी, मे २०१६मध्ये, तात्पुरता म्हणून त्याला बोलावलं. २०१८ ते २०२३ सलग सहा गटविजेतेपदं आली. २०२१ची वर्ल्ड सिरीज त्यानं ह्यूस्टन ॲस्ट्रोजविरुद्ध जिंकली, ज्यांच्या डगआउटमध्ये त्याचाच मुलगा ट्रॉय फलंदाजीचा कोच म्हणून बसलेला होता.

२०२५च्या हंगामानंतर स्निटकरनं पद सोडलं. ब्रेव्ह्जनी या वेळी दूर पाहिलं नाही. नवा मॅनेजर वॉल्ट वाइस आठ हंगाम स्निटकरशेजारी बसलेला होता, आणि त्याआधी, १९९८ ते २०००, बॉबी कॉक्सच्या हाताखाली शॉर्टस्टॉप म्हणून खेळलेला.