दुखणे बोलू द्यावे

संतसज्जन वाचकहो, आपल्या संप्रदायात सोसण्याला मोठा मान आहे. ऊन, पाऊस, चिखल, पायांचे फोड, सारे सोसून वारकरी पंढरी गाठतो. हे भूषणच आहे. परंतु ह्या गुणाच्या आडोशाने आपल्या घरात एक अन्याय चालतो, तो आज आम्हांस बोलून दाखवायचा आहे. आपण सोसणे ही सहनशीलता. दुसऱ्याला ‘सोस’ म्हणून गप्प बसवणे ही मात्र निष्ठुरता होय.

आपल्या नागपूर-विदर्भाकडेच पाहा. चौदा-पंधरा वर्षांचे पोर मधूनमधून अंथरूण धरते. कधी पाठ, कधी मांड्या, कधी छाती. हाडे मुसळाने कुटल्यासारखी दुखतात. वरून पाहावे तर जखम नाही, सूज नाही. दोन-चार दिवसांनी पोर उठून बसते. मग घरचे म्हणतात, “काऊन बाप्पा, परीक्षा आली की तुझं दुखते?” सून असली तर अंगचोर ठरते. कोणी करणी म्हणतो, कोणी मागल्या जन्मीचे पाप काढतो.

अहो, ह्या दुखण्याला नाव आहे, सिकलसेल. निरोगी माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशी गोल व मऊ असतात. ह्या रोगात प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकड्या व ताठ होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि पुढच्या हाडामांसाला रक्त पोचेनासे होते. तीच ती कळ. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच मोडते. म्हणून रक्त कमी राहते, डोळे पिवळे दिसतात, दम लागतो. तान्ह्या बाळाचे हातपाय सुजणे ही पुष्कळदा पहिली खूण असते. पुढे काहींच्या खुब्याचे हाड रक्ताअभावी झिजते, आणि अधूनमधून येणारे दुखणे रोजचे होऊन बसते.

ह्यात पाप कोठे आले? १९१० साली अमेरिकेत डॉक्टर हेरिक यांनी ह्या रोगाची नोंद केली. भारतात तो १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला. आपल्या विदर्भात आदिवासी, दलित व इतर अनेक समाजांत तो आहे. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक खेपेस मुलाला रोग होण्याचा संभव चारात एक. वाहक स्वतः बहुधा धडधाकट असतो. हिवतापाच्या मुलखात ह्याच बीजाने त्याच्या पूर्वजांना थोडे तारले आहे. म्हणून लग्न जुळवताना कुंडलीबरोबर रक्ताचीही तपासणी करावी, आणि आजारी सुनेला दोष देऊ नये, कारण बीज दोन्ही घरांतून येते.

नागपूरचे संपत रामटेके यांच्या मुलालाच हा आजार निघाला. त्यांनी हातपाय गाळले नाहीत. अशा रुग्णांची संघटना उभारली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१६ च्या कायद्याने हा रोग दिव्यांगत्वात धरला आहे, आणि १ जुलै २०२३ पासून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम चालू आहे. तपासणीची लाज कसली?

आता दुखणाऱ्याने स्वतः काय करावे ते सांगतो. पाणी तहानेची वाट न पाहता दिवसभर थोडेथोडे प्यावे. नागपूरच्या उन्हाळ्यात तर विशेष. थंडीत अंग झाकावे, भिजल्यास लगेच कोरडे व्हावे. दुखऱ्या जागी ऊबदार शेक द्यावा, बर्फ कधी लावू नये. एक वही ठेवावी: कोठे दुखले, दहापैकी किती, आधी काय घडले, कशाने उतरले. दोन-तीन महिन्यांत आपली कारणे आपल्यालाच कळू लागतात. बरे वाटले म्हणून चार दिवसांचे काम एका दिवशी उरकू नये; थोडे काम, थोडा विसावा. कळ उठली की श्वास लांब व सावकाश सोडावा. नामस्मरणाची लय ह्या कामी येते. परंतु नाम हे औषधाऐवजी नव्हे, औषधाबरोबर! डॉक्टरांनी दिलेल्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या चुकवू नयेत. हायड्रॉक्सियुरियाने पुष्कळांचे झटके कमी होतात. ते त्यांच्याच देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासून घ्यावे. दुकानातून मनाने आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडाला अपाय होतो. लोहाच्या गोळ्याही तपासणीवाचून घेऊ नयेत.

आणि हे घरच्यांनी भिंतीवर लिहून ठेवावे: ताप १०१ अंशांवर गेला, छातीत दुखून धाप लागली, एक बाजू लुळी पडली, बोलणे अडखळले, पोट डावीकडे एकाएकी फुगले, किंवा नेहमीच्या उपायांनी कळ उतरेना, तर सकाळची वाट पाहू नये. तडक दवाखाना गाठावा.

आषाढीला धापेवाड्याला वा पंढरीला निघणाऱ्या दिंड्यांनाही विनंती. सोबत असे कोणी असेल तर त्याला कोरडे कपडे, पाणी, आणि चालवेनासे झाले तर गाडीत जागा द्यावी. गाडीत बसल्याने वारी बाटत नाही. ‘भाव कमी पडला’ हे तर बोलूच नये. पुष्कळदा मूळ कळेपेक्षा ‘खरेच दुखते का?’ हा प्रश्न अधिक बोचतो, आणि मन खचते.

शेवटी एवढेच आठवावे. पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता तेव्हा दारात देव आला. पुंडलिकाने सेवा सोडली नाही. वीट पुढे केली आणि देवाला थांबविले. देवही रागावला नाही, आजवर तेथेच उभा आहे. थकल्या देहाच्या सेवेसाठी देव थांबतो, तर मग आपल्या घरातले पोर ‘दुखते’ म्हणाले असता घटकाभर थांबून ऐकायला आपल्याला काय हरकत आहे?

रामकृष्ण हरी.