बसऱ्याला गेलेला

सातारा-रत्नागिरीकडच्या काही गावांत चावडीच्या किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत बसवलेला एक संगमरवरी दगड दिसतो. फार मोठा नसतो. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने असे दगड गावोगाव बसवले. मजकूर अगदी थोडा. या गावातून १९१४ ते १९१९च्या युद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतके मेले. दोन आकडे. नाव एकही नाही.

एस.टी.ची वाट पाहणारी माणसे त्या भिंतीला टेकून उभी असतात. दगड मुद्दाम कुणी वाचत नाही. मी मात्र थांबतो, आणि मनात नकळत वजाबाकी होते. गेले त्यांतून मेले ते वजा केले, की उरलेले परत आले असे आपण धरून चालतो. हिशेब जुळतो. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात मेलेल्यांचा आकडा ४६ आहे. एका गावातले ४६ जण त्या एका युद्धात मेले. गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द आता कायमचा लागला आहे. घर सोडून लढायला गेलेल्यांची आठवण तिथे अजून वापरात आहे, कारण त्या घरांतली मुले अजून फौजेत जातात.

बाकीच्या ठिकाणी आठवण कशावर टिकते?

आपल्याला बसरा ठाऊक असते ते मोत्यांमुळे. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडच्या पुष्कळ घरांना ते वेगळ्याच कारणाने ठाऊक झाले. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जी फौज गेली तिच्यात पुण्याची सहावी डिव्हिजन होती. त्या डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या पलटणी होत्या. १०३, ११०, ११७. डिसेंबर १९१५मध्ये ही डिव्हिजन टायग्रिसच्या काठी कुत या गावात वेढली गेली. वेढा जवळपास पाच महिने चालला. दाणागोटा संपत आला तेव्हा घोडी आणि खेचरे कापायची वेळ आली. आपल्या शिपायांपैकी पुष्कळांनी ते मांस बराच काळ खाल्ले नाही. तुमच्या धर्मगुरूंची हरकत नाही, असे निरोप हिंदुस्थानातून मागवून त्यांना ऐकवले गेले, तरी हात पुढे होईना. हिरड्या सुजल्या, हाडे वर आली. २९ एप्रिल १९१६ला कुत पडले. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली आणि पुढे चालवत नेली गेली. त्यांतली हजारो परत आली नाहीत.

बसऱ्यात १९२९मध्ये स्मारक उभे राहिले. त्या मुलखात मेलेल्या आणि कबरीचा पत्ता नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांचे ते स्मारक. गोऱ्या शिपायाचे नाव त्यावर कोरले आहे. हिंदी अधिकाऱ्याचेही आहे. हिंदी शिपायाचे नाही. पलटणीचे नाव, खाली अधिकाऱ्यांची नावे, आणि शेवटी इतर हिंदी शिपाई इतके, असा आकडा. १९९७मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते स्मारक जागचे हलवून शहरापासून लांब, नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेले. मेलेल्यांनाही बदलीची ऑर्डर येते म्हणायची.

नाव मात्र एका ठिकाणी होते. लढाई संपल्यावर मेलेल्याच्या वारसाला सरकारने ब्राँझची एक जड चकती पाठवली. तळहात भरेल एवढी, सुमारे बारा सेंटिमीटर रुंद. तिच्यावर हातात त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, पायाशी सिंह, आणि एका चौकटीत मेलेल्याचे उठावाचे नाव. हुद्दा मुद्दाम घातला नव्हता. मरणात सगळे सारखे, असा त्यामागचा विचार. कडेने इंग्रजीत लिहिले होते, की हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, ते लिहायचे राहिले. तशा तेरा लाखांहून अधिक चकत्या ओतल्या गेल्या. त्यांतल्या काही आपल्याकडच्या घरांतही आल्या. पोस्टमनने आणून दिल्या असतील, कुणी शिकलेल्याने नाव वाचून दाखवले असेल, आणि मग ती वस्तू ट्रंकेत, लुगड्याच्या घडीखाली गेली असेल.

हे सगळे मला उलटे वाटते. गावात त्याला पोरेसोरेही ओळखत होती, तिथे नाव धातूत ओतून पाठवले. बसऱ्यात त्याला ओळखणारे कुणी नव्हते, तिथे आकडा लिहिला. ओळखीच्या माणसाला हाक पुरते. परक्या मुलखात मात्र पाटीच लागते.

आपल्या वेशीवरचे वीरगळ पाहावेत. खालच्या चौकटीत लढाई. मधल्या चौकटीत त्याला घेऊन निघालेल्या अप्सरा. वरच्या चौकटीत शिवपिंडीपुढे हात जोडून बसलेला तो. बहुतेकांवर एकही अक्षर नाही. ज्यांनी तो दगड उभा केला त्यांना अक्षराची गरजच नव्हती, कारण ते त्याच्या शेजारी राहत होते. पुढे शेजारी बदलले, पिढ्या बदलल्या, नाव गेले, शेंदूर राहिला. नाव विसरले गेले आणि तो देव झाला. नाशिककडे धुळवडीला घराघरांतले वीर निघतात. पूर्वजाचा टाक वाजतगाजत गोदावरीवर नेतात, स्नान घालतात, परत देव्हाऱ्यात ठेवतात. कुठली लढाई, असे विचारले तर ठाम उत्तर मिळेलच असे नाही. आंघोळ मात्र चुकत नाही.

जो परतलाच नाही, त्याचे काय करायचे? शास्त्राने हाही विचार करून ठेवला आहे. परगावी गेलेल्याची बातमी नसेल तर बारा वर्षे वाट पाहावी. मग पळसाच्या ३६० काड्यांचा देह रचावा, डोक्याच्या जागी नारळ ठेवावा आणि त्याला अग्नी द्यावा. आणि एवढे करूनही तो माणूस एके दिवशी दारात येऊन उभा राहिलाच, तर त्याचे जन्मापासूनचे संस्कार पुन्हा करावेत. मला यातले शेवटचे वाक्य फार आवडते. अग्नी दिल्यावरही दार पुरते लावलेले नाही.

सरकारचे दार वेगळे. पलटणीकडून कागद यायचा. तो बेपत्ता म्हणणारा असेल तर बाई कुंकू लावून वाट पाहायची. मेला म्हणणारा असेल तर पेन्शन मिळायची. पण पेन्शन घ्यायची तर माणूस मेला हे कबूल करावे लागते, कागदावर अंगठा उठवावा लागतो. देह पाहिलेला नाही, राख पाहिलेली नाही, आणि अंगठा द्यायचा. घरात पोरे आहेत, म्हणून द्यायचा. त्या एका अंगठ्याचे काय वजन असेल, हे मला अजून नीट कळलेले नाही.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातून पंचवीस लाख माणसे फौजेत गेली. तोवर नावे कोरण्याची रीत बरीच बदलली होती. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह सापडला नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे, माणगावात पुतळा आहे. २०२३मध्ये इटलीतल्या मोंतोने या छोट्या गावाने त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारले. त्या गावाचे आणि पळसगावचे काही नाते नव्हते. आता आहे.

२०२१मध्ये या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने स्वतःचीच चौकशी करवली. पहिल्या युद्धातल्या अंदाजे ४५ ते ५४ हजार जणांचे, मुख्यतः आशियाई आणि आफ्रिकी माणसांचे, स्मरण इतरांसारखे झाले नाही, हे मान्य केले आणि माफी मागितली. नावांच्या याद्या आता घरबसल्या पाहता येतात. नाव, नंबर, पलटण. कधी बापाचे नाव, गाव, तालुका. सगळे इंग्रजीत, आणि गावाचे स्पेलिंग असे, की मोठ्याने म्हणून पाहिल्याशिवाय गाव ओळखू येत नाही.

माझ्या ओळखीच्या एका घरातल्या मुलाने असेच बसून शोधले. चुलत पणजा बसऱ्याला गेलेला, एवढेच घरात माहीत होते. त्या नावाचे बरेच निघाले. बापाच्या नावावरून आणि गावावरून हा आपला, असे ठरले. पलटण कुतमध्ये वेढलेल्यांपैकीच होती. सोबत तारीखही मिळाली, १९१६च्या पावसाळ्यातली. म्हणजे कुत पडल्यानंतरची. म्हणजे तो लढाईत पडला नव्हता. कैदेत, तापाने किंवा हगवणीने, नाही तर भुकेनेच गेला असणार.

या घरात त्याचे पान भाद्रपद वद्य चतुर्दशीला वाढतात. घातचतुर्दशी. शस्त्राने मेलेल्यांचा तो दिवस. आता खरी तारीख हातात आली होती, तिच्यावरून तिथी काढता येते. मुलाने आजीला विचारले, दिवस बदलायचा का? शिवाय तो शस्त्राने मेलाच नाही. मग त्याने वेढ्याची सगळी हकिकत तिला वाचून दाखवली. घोडी कापली ती, न खाल्लेले मांस, सुजलेल्या हिरड्या. आजी घेवडा मोडत ऐकत होती. मला त्या वेळी एक गोष्ट जाणवली. त्या पणज्याला आजवर पान वाढले ते सगळे सुनांनी. कुठल्या कुठल्या गावांहून लग्न होऊन आलेल्या बायका. त्यांतल्या बहुतेकींनी त्याला पाहिलेही नव्हते.

“माझ्या सासूनं चतुर्दशीलाच घातलं,” आजी म्हणाली. “तिच्या सासूनं चतुर्दशीलाच घातलं. त्याला तोच दिवस ठावा. तारीख तेवढी वहीत लिहून ठेव.”

मुलाने वही आणली. आजीने घेवड्याची परात पुढे सारली, थोडे थांबली.

“आन् औंदा भात जरा जास्त वाढू.”