मागून घेतलेली जागा सोडताना

गणपतीच्या दिवसांत जयगडच्या पंचक्रोशीत जाखडी रंगते. मुंबईचे चाकरमानी गावी आलेले असतात. पायात चाळ बांधलेली पोरं गोल धरतात, मधोमध शाहीर, ढोलकीवाला आणि कोरस. जिथे स्पर्धा असते तिथे पहाटेपर्यंत कुणी जागचं हलत नाही. निकाल मात्र बहुतेकांना आधीच ठाऊक असतो. वर्षानुवर्षं तेच मंडळ, तोच शाहीर. ते सरस असतात म्हणूनच जिंकतात, त्याबद्दल वाद नाही. तरीही सरस माणसाने किती वेळा जिंकावं, हा प्रश्न विचारायला हवा. आपल्याच दोन मराठी गायिकांनी, लताबाई आणि आशाताई या बहिणींनी, तो स्वतःला विचारला होता.

फिल्मफेअरची पारितोषिकं 1954 साली सुरू झाली तेव्हा संगीतकाराला पारितोषिकाची बाहुली मिळे, गाणाऱ्याला काहीच नाही. 1957 साली 'चोरी चोरी'साठी शंकर-जयकिशन यांची निवड झाली. जयकिशन यांनी लताबाईंना विनंती केली, समारंभात 'रसिक बलमा' गा. बाईंनी साफ नकार दिला. पारितोषिक संगीताला आहे, गायकाला नाही आणि गीतकारालाही नाही. मग नुसती धून वाजवा, असं त्यांचं म्हणणं. 1959 साली पार्श्वगायनाचं पारितोषिक सुरू झालं. पहिलं 'मधुमती'साठी लताबाईंनाच मिळालं आणि त्याच वर्षी गीतकार म्हणून शैलेंद्र यांचाही गौरव झाला. हक्क मागणाऱ्याला आपण चटकन हावरट म्हणतो. इथे मागणाऱ्या बाईंनी शब्द लिहिणाऱ्याची आठवणही ठेवली होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढची गोष्ट त्याहून अवघड. 1970 साली 'जीने की राह'साठी बाहुली घेतल्यावर त्यांनी सांगितलं, यापुढे माझं नाव धरू नका, नव्यांना द्या. लढून मिळवलेली जागा अवघ्या अकरा वर्षांत, आवाज ऐन भरात असताना सोडली. 1971 साली ते पारितोषिक शारदा यांना मिळालं. आशाताईंनीही 'डॉन'साठी 1979 साली सातवं पारितोषिक घेतलं आणि आपलं नाव मागे घेतलं. त्यानंतरच्या तीन वर्षांत वाणी जयराम, पंधरा वर्षांची नाझिया हसन आणि परवीन सुलताना अशी तीन नावं त्या यादीत आली. तिघींच्या गाण्याची जातकुळी किती वेगळी!

1985 सालचं नाव अनुपमा देशपांडे यांचं, 'सोहनी महिवाल'मधल्या गाण्यासाठी. ते गाणं आशाताईंचा आवाज नंतर चढवायचा म्हणून अनुपमा यांच्याकडून तात्पुरतं गाऊन घेतलं होतं, असं सांगतात. आशाताईंनी ते ऐकलं आणि संगीतकार अनु मलिक यांना सुचवलं, याच मुलीचा आवाज राहू द्या. पारितोषिकावरचा हक्क सोडण्यापेक्षा हातातलं गाणं सोडणं मला मोठं वाटतं. बाहुली नाकारून कीर्ती कमी होत नाही, कधी वाढतेही. गाणं दिलं की खरंच काहीतरी दिलं जातं.

म्हणूनच एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. पारितोषिकं सोडल्यावरही चांगली गाणी वर्षानुवर्षं या दोघी बहिणींकडेच जात राहिली, अशी तक्रार तेव्हाही होती आणि ती निराधार नव्हती. मात्र गाणं कुणाला द्यायचं हे निर्माते आणि संगीतकार ठरवत. त्यातला दोष एकट्या गायिकांच्या माथी मारणं मला मान्य नाही. त्यांच्या हातात होतं तेवढं त्यांनी केलं, आणि तेवढंही करणारे फार थोडे.

आपल्याकडे जागा सोडण्याची ही वेळ गणपतीत येते, शिमग्यात नमनाच्या वेळीही येते. शास्त्री नदीच्या मुखापासून मालगुंड-गणपतीपुळ्यापर्यंतच्या ज्या मंडळांच्या कपाटात चषक मावत नाहीत, त्यांना माझी विनंती आहे. यंदा जरूर गा, पण स्पर्धेबाहेर गा. नाव मागे घेतल्याचं आयोजकांना आधीच कळवा. शेवटच्या बारीत एखादी गवळण तुमच्या कोरसातल्या पोराला म्हणू द्या. आणि आयोजकांनो, शाहिराइतकंच मानाचं एक बक्षीस गाणी लिहिणाऱ्यासाठी आणि एक ढोलकीवाल्यासाठी यंदापासून ठेवा.