गौतमाची गाय आणि शरदातली रहस्यकथा

घट बसले की दिवाळी अंकांचे वेध लागतात, आणि ‘धनंजय’, ‘चंद्रकांत’ यांसारख्या अंकांमुळे शरद ऋतू मराठीत रहस्यकथांचाही हंगाम झाला आहे. सणासुदीला खून कशाला वाचायचे, हा आक्षेप जुनाच आणि त्यात फारसा दम नाही. दसऱ्याला रावण मरतो, चतुर्दशीला नरकासुर. खरा आक्षेप वेगळा आहे. रहस्यकादंबरी संशयावर जगते, आणि गीतेच्या चौथ्या अध्यायात संशयात बुडालेल्या माणसाला ना हा लोक आहे ना परलोक. मग नोकरापासून सख्ख्या भावापर्यंत प्रत्येकाकडे वाकड्या नजरेने बघायला लावणारे वाचन धर्मबुद्धीच्या माणसाने का करावे? शेवटी गुन्हेगार सापडतो, कर्माचे फळ मिळते, हे नेहमीचे उत्तर लंगडे आहे. फळ शेवटच्या प्रकरणातच पदरात पडेल, अशी हमी कर्मसिद्धान्ताने कधी दिलेली नाही. शिवाय आजच्या कितीतरी थरारकादंबऱ्यांत गुन्हेगार सहीसलामत सुटतो.

या प्रश्नाचे चांगले उत्तर नाशिककरांच्या अंगणातच आहे. त्र्यंबकेश्वरी गोदावरी कशी आली, याची शिवपुराणातली कथा नीट वाचली तर ती कटाची कथा आहे. दीर्घ दुष्काळ पडलेला. वरुणाच्या वराने गौतमाकडे न आटणारे पाणी. त्या पाण्यावर आधी कोणी भरायचे यावरून ऋषिपत्नींचा वाद होतो आणि त्यातून गौतमाला आश्रमातून हुसकावण्याचा बेत शिजतो. ऋषी गणपतीला साकडे घालतात. तो समजावून पाहतो, पण शेवटी नाइलाजाने मरतुकड्या गायीचे रूप घेऊन गौतमाच्या शेतात शिरतो. गौतम तिला गवताच्या काडीने हाकलतो, गाय कोसळते, आणि टपून बसलेले सगळे गोहत्येचा आरोप घेऊन पुढे येतात. हेतू आहे, सापळा आहे, तयार साक्षीदार आहेत. नाही तो फक्त शंका घेणारा माणूस. गवताच्या काडीने गाय मरते कशी, हे कोणीच विचारत नाही. खुद्द गौतमही नाही. तो मुकाट्याने निघतो, ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालतो, तप करतो.

न्यायसूत्रांचा कर्ता अक्षपाद गौतम तो हाच, असे परंपरेत कधीकधी म्हटले जाते. इतिहासाला तेवढा आधार नाही, पण योगायोग मार्मिक आहे, कारण त्या शास्त्राच्या सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर लगेच संशय येतो आणि निर्णय पुष्कळ पुढे, नववा. काडी लागली आणि गाय पडली, एवढ्यावरून काडीनेच गाय मेली असे ठरत नाही. कुंभाराची माती वाहणारे गाढव घड्याच्या आधी हजर असते, पण नैयायिक त्याला घड्याचे कारण मानत नाहीत. चांगला रहस्यलेखक आपल्यापुढे अशी गाढवे एकामागून एक उभी करतो, आणि आपण प्रत्येकाला कारण समजून फसतो. गीतेने धिक्कारलेला संशय श्रद्धाहीनाचा आहे, कुठेच न ठरणारा; न्यायातला संशय ठरण्यासाठीच सुरू होतो. रहस्यकादंबरी हा दुसरा संशय अंगवळणी पाडते. पन्नासाव्या पानावर आपण ज्याला गुन्हेगार ठरवले तो निर्दोष निघतो, तेव्हा लेखकाने आपल्यालाच ऋषींच्या घोळक्यात उभे केलेले असते.

श्रद्धावान यावर म्हणेल की गौतमाने उलटतपासणी केली असती तर गोदावरी आलीच नसती. हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. पुराणकथा त्याच्याच बाजूने आहे असेही दिसते: शंकर प्रसन्न होऊन गौतमाला त्याचे निर्दोषत्व सांगतात, तेव्हा तो ऋषींना दोष देत नाही, त्यांच्यामुळेच आपल्याला दर्शन घडले म्हणतो. पण ही क्षमा ज्याच्यावर आळ आला त्याची आहे. आळ घेणाऱ्यांनी तिचा हिशेब आपल्या खात्यात मांडून चालणार नाही. शंकर त्या ऋषींना दुष्टच म्हणतात. सोसणे ही गौतमाची साधना असेल. बघणाऱ्यांचे काम तपासणे होते, आणि ते त्यांनी केले नाही.

एक आरोप मात्र मान्य करावाच लागतो. त्या कथेत गायीसाठी कोणी रडत नाही, कारण ती मुळात मायेची होती. बहुतेक रहस्यकादंबऱ्यांतले प्रेतही तसेच मायेचे असते. पहिल्या प्रकरणात पडते आणि कोड्यापुरते उरते. असे पुस्तक तर्क घासूनपुसून देईल, करुणा देणार नाही. केइगो हिगाशिनो यांच्या २००५ सालच्या ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’मध्ये खून कोणी केला हे सुरुवातीलाच कळते, तरी वाचक शेवटपर्यंत चकतो, आणि तो का चकला हे उलगडते तेव्हा मान खाली जाते. रहस्य फोडत नाही. एवढेच, की तिथे एका माणसाकडे आपण पाहिलेलेच नसते. या शरदात नव्या कादंबऱ्या चाळताना मी हे आधी पाहीन की मेलेल्या माणसाला त्यांत नावापलीकडे काही आयुष्य दिले आहे का, आणि चुकीचा आळ आलेली माणसे उलगडा झाल्यावर पुन्हा एकदा पानावर येतात का.