हजेरी

दिवाळी म्हटली की लोकांना घर भरल्याची आठवण होते. आमच्या बीड जिल्ह्यात निम्म्या गावांना ती घर रिकामे होण्याची वेळ वाटते. दसरा झाला की मुकादम वस्तीवर येऊ लागतात. उचल तर आधीच घेतलेली असते. ती पेरणीत, आजारपणात, नाहीतर पोरीच्या लग्नात संपलेलीही असते. मग दिवाळीच्या पुढेमागे ट्रकमध्ये भांडीकुंडी चढतात, शेळी चढते, पोरे चढतात आणि बालाघाटच्या डोंगरातली माणसे पश्चिमेकडे ऊस तोडायला निघतात. नवराबायकोच्या जोडीला तिकडे 'एक कोयता' म्हणतात. माणूस मोजायचा तो हत्याराच्या नावाने! फडात मुकादम हजेरी घेतो तीही माणसांची नव्हे, कोयत्यांची.

हजेरी या शब्दाशी माझे नाते जुने आहे. आयुष्याची चौतीस वर्षे मी न्यायालयात कारकुनी केली आणि शिरस्तेदार होऊन निवृत्त झालो. पट्टेवाल्याने दारात उभे राहून नावाचा पुकारा करावा आणि कोणीतरी गर्दीतून 'हजर आहे' म्हणावे, हे मी इतक्या वेळा ऐकले आहे, की अजूनही दुपारच्या झोपेत मला कधीकधी तो पुकारा ऐकू येतो. अशा माणसाने हजर राहण्याविषयी चार शब्द लिहिले, तर वाचक ते गोड मानून घेतील असे वाटते. दिवाळी अंकात मी टाळेबंदी आणि फौजदारी शिक्षा यांच्याविषयी लिहितो आहे, हे फराळाच्या ताटात कारले वाढल्यासारखे झाले खरे. पण थोडे कारलेही पोटाला बरे असते.

24 मार्च 2020 च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली आणि बारा वाजता ती लागू झाली. मध्ये अवघे चार तास. ज्याला घर होते त्याने दार लावून घेतले. पण ज्याचे घर बीडला आणि खोप कोल्हापूर-सांगलीच्या फडात, त्याने कोणते दार लावायचे? हंगाम संपत आला, धुराडी थंड होत चालली, आणि माणसे पाचटाच्या खोपीत अडकून पडली. अखेर 17 एप्रिलला राज्य सरकारने 38 साखर कारखान्यांच्या आवारात राहिलेल्या 1 लाख 31 हजार ऊसतोड कामगारांना गावी परतण्याची परवानगी दिली. चार तासांत दिलेल्या एका हुकुमाची दुरुस्ती व्हायला तीन आठवडे लागले.

त्याच एप्रिलात माझी अक्का गेली. ती लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात दिलेली. साथीने नव्हे, वयाने गेली. पहाटे भाच्याचा फोन आला. मी धोतर नेसून, चिरंजीवाच्या मोटारसायकलवर मागे बसून जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत गेलो. नाक्यावरचा पोलीस माझ्या नातवाच्या वयाचा. फार नम्रपणे म्हणाला, "काका, पास असल्याशिवाय मला सोडता येत नाही." पास मिळवायचा तर निदान एक दिवस, आणि तिकडे देह ठेवणार किती वेळ? मी परत फिरलो. दुपारी भाच्याने फोनवर चिता दाखवली. चित्र मधूनच थांबे, मधूनच पळे. अग्नी दिला तो क्षण थांबलेल्या चित्रातच निघून गेला. धाकट्या भावाला अंगाखांद्यावर वाढवलेल्या बहिणीच्या अंत्यविधीला मी हजर होतो की गैरहजर? चौतीस वर्षे हजेरी नोंदवणाऱ्या माणसाला या एका नोंदीचे उत्तर देता आलेले नाही.

माझे एक डॉक्टर मित्र आहेत. गावातच त्यांनी जन्म काढला. संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येतात आणि आम्ही भांडतो. दोघांची कानाची यंत्रे चांगल्यापैकी असल्याने भांडण रंगते. मी टाळेबंदीला नावे ठेवली, की ते म्हणतात, "अहो शिरस्तेदार, साथ म्हणजे दिवाणी दावा नव्हे. प्रत्येकाला नोटीस काढून, म्हणणे ऐकून घेऊन मग हुकूम काढायचा म्हटले तर हुकमाआधी स्मशान भरेल. त्या वेळी हाती औषध नव्हते, लस नव्हती. इस्पितळांना तयारीला वेळ हवा होता. तो घरात बसून आपण दिला." आणि मग ते गप्प होतात, कारण पुढचे आम्हा दोघांनाही ठाऊक असते. 2021 च्या एप्रिलात दुसरी लाट आली तेव्हा आमच्याच अंबाजोगाईत एका रुग्णवाहिकेतून 22 मृतदेह स्मशानात न्यावे लागले. ते पाहिलेल्या माणसापुढे 'साथ खोटी होती' असे कोणी म्हणू नये. पण शाळा बंद पडल्या आणि आमच्या जिल्ह्यात शाळकरी मुलींची लग्ने घाईने उरकली गेली, हेही कोणी झाकू नये. टाळेबंदीने वाचलेले जीव मोजता येत नाहीत, कारण ते आपल्यात हिंडतफिरत आहेत. आणि तिने मोडलेली आयुष्येही मोजता येत नाहीत, कारण ती मुकाट आहेत. म्हणून मला या वादात बेरीज-वजाबाकीचा निकाल नको वाटतो. मला प्रश्न पडतो तो सक्तीच्या रीतीचा.

गेल्या दिवाळीत या वादाला एक नवेच वळण लागले. विलायतेत 21 ऑगस्ट 2023 रोजी मँचेस्टरच्या न्यायालयात लुसी लेटबी या परिचारिकेला सात अर्भकांच्या खुनाबद्दल मरेपर्यंत कारावासाची शिक्षा झाली. ती सुनावली जात असताना ती कोठडीतून वर आलीच नाही. आयांनी आपले दुःख लिहून आणले होते. ते रिकाम्या पिंजऱ्यापुढे वाचले गेले. त्याआधीही तेथे असे प्रकार घडले होते. लोक खवळले, आणि 2025 मध्ये शिक्षेच्या वेळी गैरहजर राहणाऱ्याला आणखी दोन वर्षांपर्यंत कैद देण्याची तरतूद असलेले विधेयक तेथल्या संसदेत आले. ज्याला मरेपर्यंत आतच राहायचे त्याला आणखी दोन वर्षांचे भय ते काय! म्हणून तुरुंगातल्या सवलती काढून घेण्याचीही योजना त्यात घातली.

मी म्हणालो, "योग्यच आहे. गुन्हेगाराला ओढून आणले पाहिजे."

डॉक्टर हसले. म्हणाले, "तुम्हाला जायचे होते तिथे जाऊ दिले नाही, म्हणून पाच वर्षे तुम्ही रडता. आणि ज्याला यायचे नाही त्याला ओढून आणा म्हणता. सक्ती वाईट असेल तर दोन्हीकडे वाईट. नाहीतर पोलिसाने तुम्हाला परतवले तेही योग्यच."

वकिलांच्या तीन पिढ्या ऐकलेल्या माझ्यासारख्याला त्या रात्री उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा सुचलेले उत्तर आहे.

प्रथम कायद्याचे सांगतो. आमच्याकडे हा प्रश्न जुना आहे. दोषी ठरल्यावर शिक्षेविषयी आरोपीचे म्हणणे ऐकून घ्यावे, असे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 235 ने सांगितले होते. कोठडीतल्या आरोपीला निकाल ऐकायला आणावे, असेही त्याच संहितेत होते. म्हणजे न्यायालयात आणणे हा नुसता जुलूम नव्हे. बोलण्याचा हक्क त्याला जोडलेला आहे. या हक्काचे मोल पाहायचे तर मुंबईच्या उच्च न्यायालयात जावे. 22 जुलै 1908 च्या रात्री न्यायमूर्ती दावर यांनी शिक्षेपूर्वी टिळकांना काही सांगायचे आहे काय असे विचारले, आणि टिळकांनी थोडक्या शब्दांत आपले निर्दोषत्व व न्यायालयाहून वरच्या सत्तेवरचा विश्वास सांगितला. सहा वर्षांची शिक्षा झाली. 1956 साली तेच शब्द संगमरवरावर कोरून त्याच इमारतीत लावले गेले. टिळक त्या रात्री कोठडीतच बसून राहिले असते तर? शिक्षा तीच झाली असती. पण शिक्षा देणाऱ्याला त्यांच्या डोळ्यांत पाहावे लागले नसते.

यात मला गाठीची एक बाजू सुटल्यासारखी वाटते. हजेरी ही दुहेरी असते. आरोपी न्यायाधीशासमोर येतो, तेव्हाच न्यायाधीशही आरोपीसमोर येतो. नारायणरावांच्या खुनाबद्दल देहान्त प्रायश्चित्ताचा निर्णय रामशास्त्र्यांनी राघोबादादांना तोंडावर सांगितला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती आपल्याला का आवडते? निर्णय कठोर होता म्हणून नव्हे, तो तोंडावर सांगितला म्हणून.

आता दुसरी बाजू. नोकरीत असताना एक खुनाचा खटला मी पाहिला. गाव, नावे सांगत नाही. मयत पोरगा विशीतला. त्याची आई प्रत्येक तारखेला एस.टी.ने येई, भाकरीचे फडके मांडीवर ठेवून मागच्या बाकावर बसे. शिक्षेच्या दिवशी आरोपी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. न्यायाधीशांनी समज दिली तरी मान वळवली नाही. जन्मठेप झाली, त्याला नेले. मला वाईट वाटले, बाहेर येऊन मी तिला म्हणालो, "बाई, त्याने तुमच्याकडे एकदाही पाहिले नाही." ती म्हणाली, "त्यानं न्हाई बघितलं. पण म्या बघितलं की त्याला."

त्या वाक्यापुढे माझी चौतीस वर्षे फिकी आहेत. आपण समजतो, गुन्हेगाराला समोर आणायचे ते त्याला पश्चात्ताप व्हावा म्हणून. पश्चात्ताप काही बेड्या घालून आणता येत नाही. शरीर आणता येते, मन येत नाही. पण त्या बाईला त्याच्या मनाशी कर्तव्यच नव्हते. ज्याने आपले जग मोडले तो माणूसच आहे, त्याला दोन हात आहेत, तो उभा आहे आणि त्याचा हिशेब होतो आहे, एवढे तिला डोळ्यांनी पाहायचे होते. ते तिला मिळाले.

मग दोषी म्हणून ज्याला समोर आणायचे तोच निर्दोष निघाला तर? हा आक्षेप हलका नाही. 15 मे 2020 रोजी, साथीमुळे न्यायालये बंद असताना, सिंगापूरमध्ये एका माणसाला संगणकाच्या पडद्यावरून फाशी सुनावली गेली. 2022 मध्ये तोच माणूस अपिलात निर्दोष सुटला. लेटबीच्या खटल्यातील वैद्यकीय पुराव्याविषयीही 2025 च्या फेब्रुवारीत देशोदेशींच्या तज्ज्ञांच्या एका मंडळाने जाहीरपणे शंका घेतली आहे. निर्दोष माणसाला बखोटी धरून उभे करणे आणि त्याने न केलेल्या पापाचे वर्णन त्याला ऐकवणे, हा अन्यायावर अन्याय आहे. म्हणून माझा गेल्या दिवाळीचा हट्ट मी मागे घेतो. ओढून आणू नये. दारापर्यंत आणावे, बोलण्याची संधी द्यावी. तरीही आला नाही, तर न्यायाधीशाने कोठडीच्या दारापर्यंत जावे आणि दुःखितांचे म्हणणे व शिक्षा तिथे वाचून दाखवावी. आपल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने 1 जुलै 2024 पासून निकाल ऐकण्यासाठी आरोपीला प्रत्यक्ष किंवा दृक्‌श्राव्य साधनाने हजर करण्याची मुभा दिली आहे. सोय म्हणून ती ठीक आहे. पण पडद्यावरच्या हजेरीची किंमत मला विचारा. माझ्या अक्काचा अग्नी त्याच पडद्याने खाल्ला.

आणि डॉक्टरांच्या प्रश्नाचे उत्तर? सक्ती दोन्हीकडे सारखी नाही. पण सक्ती करणाऱ्यावरचे बंधन मात्र दोन्हीकडे एकच आहे. ज्याच्यावर सक्ती करायची, त्याच्यासमोर उभे राहण्याची तयारी हवी आणि त्याचे म्हणणे कानावर घेण्याचीही. 1897 च्या साथरोग कायद्याचा आधार 2020 मध्येही घेतला गेला. त्याच 1897 साली पुण्यात प्लेगच्या निमित्ताने सोल्जर घरात शिरले आणि त्याचा शेवट 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवरच्या गोळीने झाला. साथ खरी होती, उपायही काही अंशी खरे होते; पण ज्यांच्या माजघरात शिरायचे त्यांना माणूस म्हणून कोणी सामोरे गेले नव्हते. आमच्या काळातल्या चार तासांच्या हुकुमात सोल्जर नव्हते, हेतूही वाईट नव्हता. तरी तो काढताना ऊसतोड्याची खोप कोणाच्या नजरेसमोर नव्हती. ती असती, तर कदाचित टाळेबंदी तशीच झाली असती. पण आधी माणसे घरी पोचली असती.

हे मी डॉक्टरांना ऐकवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाक्यावरच्या त्या पोराने तुम्हाला परतवले, पण निदान समोर उभे राहून परतवले." खरे आहे. त्या पोराबद्दल मला कधीच राग आला नव्हता. का आला नव्हता, ते त्या क्षणी समजले.

अक्का गेल्यापासून भाऊबीजेला मी भाच्याच्या घरी जातो. भाचसून पाट मांडते आणि अक्काच्या तसबिरीपुढचे निरांजन ताटात घेऊन मला ओवाळते. यंदाही जाईन. वाटेत ऊसतोड्यांचे ट्रक भेटतील, वरून पोरे हात हलवतील. मीही हलवीन. तिथे पोचल्यावर पाटावर बसण्याआधी मी दरवर्षी तसबिरीपुढे क्षणभर उभा राहतो आणि मनातल्या मनात म्हणतो, 'हजर आहे.' उशीर झाला खरा. पण काही पुकारे तीनदा होऊनही थांबत नाहीत.