निधूर निखारा



पौषात नागपुरास थंडी किती पडते, हे बाहेरगावच्या मंडळीस सांगून खरे वाटत नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेर येथे पारा साडेतीन अंशांवर उतरला होता. अशा दिवसांत धंतोलीतही सायंकाळी हरिपाठास बसलेली म्हातारी माणसे शेगडी जवळ ओढू पाहतात. देह हे परमार्थाचे साधन. त्याला ऊब द्यावीच. पण अग्नीची सेवा नीट कळली पाहिजे, म्हणून आज आम्ही शेगडीविषयीच बोलतो.

शेगडी पेटत नसेल तर आधी राख पाहावी. जाळी राखेने बुजली व खालचे तोंड कोंदले, की कितीही वारा घाला, कोळसा धरत नाही. रोज राख झाडावी. धूर फार होत असेल तर कोळसा ओला आहे किंवा त्यात अर्धवट जळलेले लाकूड आहे, असे समजावे. आतली माती तडकली असेल तर चिकणमातीचा हात द्यावा आणि पुरती वाळल्यावरच विस्तव घालावा.

इथवर सारे ठीक. खरा घात पुढे आहे. धूर सरला, निखारे लाल झाले, की आपण म्हणतो, आता शेगडी आत न्यायला हरकत नाही. आणि दारे लावून निजतो! पण निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो. डोके जड होते, मळमळते, गुंगी येते. निजलेल्यास तर जागही येत नाही.

कोणी म्हणेल, “अहो, आमच्या आजोबांनी जन्मभर शेगडी उशाशी ठेवली!” ठेवली असेल, पण त्यांच्या कवेलूच्या छपराला फटी होत्या. आता वर स्लॅब आणि खिडक्यांना घट्ट काचा. शिवाय तेव्हाही माणसे दगावतच होती. म्हणून शेगडी अंगणात किंवा उघड्या ओसरीवरच ठेवावी. अंग शेकावे आणि मग घोंगडी पांघरून आत निजावे. राखेने झाकलेला विस्तवही आत आणू नये. कोणास गुंगी आलीच, तर त्याला तत्काळ मोकळ्या हवेत न्यावे, दारे उघडावी आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी.

मनाचेही असेच आहे, बाबांनो. क्रोधाचा धूर दिसतो. माणसे खोकत दूर होतात, आपणही शरमतो. पण “मी एवढ्या वाऱ्या केल्या” हा अभिमान निधूर निखारा आहे. त्याची ऊब गोड लागते आणि त्या उबेतच झोप येते. त्याला उपाय तोच: दार उघडे ठेवावे. आपला दोष तोंडावर सांगणारा कोणी घरात येऊ द्यावा आणि सांगितले तर रागावू नये.

आज रात्री निजण्यापूर्वी म्हाताऱ्यांच्या आणि लेकरांच्या खोलीत एकदा डोकावून या. शेगडी असेल तर बाहेर काढा. तेवढी सेवा विठ्ठलचरणी रुजू होईल.

रामकृष्णहरि!